कागद व्हेंडरकडे आहे

१

अण्णांच्या तेराव्याची जेवणं उरकली तेव्हा दुर्गाबाई भाजीवाली तिचा कागद मागायला आली.

चैत्राचं ऊन अंगणात पाण्यासारखं साचलं होतं. मांडवाखाली माणसं सुपारी चघळत बसली होती आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. त्यामुळे मला सारखं वाटत होतं की अण्णा आत झोपलेत आणि हे सगळे त्यांच्या उठण्याची वाट पाहताहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील, भुजंगराव सर. मंठ्यात त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोकांचे अर्ज, कागद फुकट लिहून दिले. ज्यांची घरं गळायची त्यांचे कागद आमच्याच पेटीत राहत. दुर्गाबाईचाही होता. चार वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, तिनं गोजरबाई नावाच्या म्हातारीकडून बाजारामागची दीड गुंठा जागा विकत घेतली होती. रजिस्ट्री झाली नव्हती. बॉण्डावर लिहिलेला एकच कागद, खाली गोजरबाईचा अंगठा. आता गोजरबाईचा मुलगा शिवाजी म्हणत होता की आईनं जागा विकलीच नाही, नुसती बसायला दिली होती. येत्या सोमवारी कचेरीत त्याचा अर्ज सुनावणीला निघणार होता.

मी सगळ्यांसमोर पेटी उघडली. ‘दुर्गाबाई’ लिहिलेलं पाकीट वरच होतं. त्यात बॉण्ड नव्हता. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा होता, त्यावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात इंग्रजीत एकच ओळ: ‘दुर्गाज पेपर इज विथ द व्हेंडर.’

“काय लिव्हलंय सरानं?” दुर्गाबाईनं विचारलं.

मी वाचून मराठीत सांगितलं, “तुमचा कागद व्हेंडरकडे आहे.”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मंठ्यात व्हेंडर एकच. कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून स्टॅम्प विकणारे सिराजोद्दीन, माझे सिराजचाचा, अण्णांचे चाळीस वर्षांचे दोस्त. ते ओट्यावर बसून रुमालानं हात पुसत होते. पुसता पुसता त्यांचे हात थांबले.

“माझ्याकडं न्हाई, बेटी,” ते म्हणाले.

२

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावानं निकाल लावून टाकला. सर आयुष्यात खोटं बोलले नाहीत. सरांनी लिहिलंय कागद वेंडरकडे. वेंडर म्हणतो नाही. म्हणजे वेंडरनं तो शिवाजीला विकला. बाजारातल्या अकरा जणांनी सह्या केलेला अर्ज कचेरीत गेला: सिराजोद्दीनचा परवाना रद्द करा. पहिला अंगठा दुर्गाबाईचा होता. तोही सोमवारीच निघणार होता.

मी कचेरीसमोर गेले. लिंबाला मोहर आला होता, बारीक पांढरी फुलं टेबलावर पडत होती आणि चाचा ती एकेक करून बाजूला सारत होते. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ज्यांना बॉण्ड हवा होता ते परतूरला जात होते.

“चाचा, अण्णांनी तुम्हाला काही ठेवायला दिलं होतं का? आठवून बघा.”

“काय आठवू? मागच्या महिन्यात एक छत्री दिल्ती. ती मी परत बी केली.”

“मग त्यांनी असं का लिहिलं?”

“ते मला इचारून राह्यलीस?” ते हसले, पण डोळे हसले नाहीत. “तुझ्या बापाला इचार की.”

रस्त्यापलीकडे दुर्गाबाईची भाजीची पाटी होती. ती मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता आमच्याकडे न बघता ओरडली, “घ्या मेथी! ताजी मेथी! इमान इकायला न्हाई ठिवलं इथं, नुसती मेथी हाये!”

चाचांनी मान खाली घातली. म्हणाले, “परवाना गेला तर जाऊ दे. साठी उलटली माझी. पण बदरुन्निसा काल नळावरून रिकामी घागर घेऊन आली. बायांनी तिला नंबर दिला न्हाई.” बदरुन्निसा म्हणजे चाची. मग ते माझ्याकडे सरळ बघत बोलले. “सर खोटं लिहीत न्हाईत. अन् मी खोटं बोलत न्हाई. दोन्ही बराबर आहे. मंग आता तूच बघ, उषा.”

घरी येताना ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. चाचांवर विश्वास ठेवला तर अण्णा खोटे ठरत होते. अण्णांवर ठेवला तर चाचा. आणि ‘व्हेंडर’ हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

३

शिवाजीचं खताचं दुकान स्टँडजवळ आहे. पोत्यांवर रेलून तो थंड पाणी पीत होता.

“या, ताई, या. सर गेले, लई वाईट झालं.”

“शिवाजीभाऊ, खरं सांगा. तो कागद तुमच्याकडे आहे?”

तो हसला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. “माझ्याकडं असता तर काय तुम्हाला दाखवला असता? लोक म्हणतेत वेंडरनं मला इकला. म्हणू द्या. मी कुणाचं तोंड धरू?”

“तुम्ही धरू शकता. नुसतं सांगा की चाचांनी तुम्हाला काही दिलं नाही.”

“मी कशाला सांगू? माझा काय फायदा?” त्यानं ग्लास ठेवला. “अन् सरांचं बी आपण लई ऐकलं. गरिबांचे कागद फुकट लिहिते म्हणे. दुर्गीनं किती दिले त्यांला कुणाला म्हाईत? आमच्यात म्हणतेत, मास्तर सोल्ड आउट झाला, इकला गेला.”

दहावीला तो अण्णांच्याच वर्गात होता. “सोल्ड आउट दुकानातला माल होतो, शिवाजीभाऊ,” मी म्हणाले, “माणसाबद्दल म्हणायचं तर आधी त्यानं स्वतःला विकायला काढावं लागतं. अण्णांनी कधी काढलं नाही.”

“तेच ते, शिकविलेलं बोलताय.” तो जरा ओशाळला.

“तुमच्या आईला विचारलं तर?”

“आईला?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला, फारच मऊ. “तिला कुठं काय कळतंय आता. भूल पडलीय तिला. आष्टीला ठिवलंय बहिणीकडं. मलाच वळखत न्हाई.”

सगळं गाव हेच सांगत होतं, म्हणून मी ते मानलं. दुकानातून बाहेर पडले तर रस्त्याच्या कडेनं सलीम बांगडीवाला चालला होता. एका खांद्यावर बांगड्यांची पेटी. दुसऱ्या हातात अण्णांची निळी पिशवी.

४

ती पिशवी मी कुठेही ओळखली असती. आईनं जुन्या पडद्याची शिवलेली, एका कोपऱ्यात शाईचा डाग. अण्णा तिच्यातच कागद नेत.

“सलीमभाई!”

तो दचकून थांबला. सलीम गावोगाव दारात बसून बांगड्या भरतो. त्याच्या पेटीतल्या काचांचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते.

“ही पिशवी तुमच्याकडे कशी?”

“सरांनी दिली, ताई. अल्ला कसम. माझ्या पेटीचा पट्टा तुटल्ता, तर म्हणले, सलीम, जोडबांगड्या यात ठेव.”

“कधी?”

“जायच्या दोन-तीन रोज आधी. मी स्टँडवर होतो. आष्टीकडून येणारी गाडी लागली अन् सर उतरले. चेहरा असा पांढरा फटक. मी म्हणलं, सर, इतक्या उन्हात कुठं गेल्ते? तर म्हणले, एका कामाला.”

“कसल्या कामाला?”

“ते न्हाई सांगितलं. मी हात धरून तुमच्या गल्लीपोहोत आणलं. पिशवी मीच घेतली. बिलकुल हलकी. सकाळी जाताना बी मी बघितलं होतं त्यांला गाडीत बसताना, तवा कागदाचं पाकीट पिशवीतून वर आल्तं. येताना आत नुसत्या कुरडया.”

“कुरडया?”

“हां. कुणीतरी बांधून दिल्या असतील. मी खाल्ल्या न्हाई, ताई. सगळ्या दिल्या.” मग जरा थांबून, “दोन खाल्ल्या.”

त्या कुरडया आमच्या डब्यात अजून होत्या. त्यातल्या काही मी तेराव्याला तळल्या होत्या, आणि कुणी दिल्या हे कुणाला विचारलं नव्हतं.

५

दुपारी मी अण्णांच्या खाटेवर पडले. डोळा लागला की नाही ते सांगता येत नाही. मी दहा वर्षांची होते आणि अण्णा मला गुरुवारच्या बाजारातून नेत होते, त्यांचं बोट धरून. माणसं आवाज न करता विकत होती. अण्णा एकेकाकडे बोट दाखवून शब्द सांगत होते आणि तो शब्द त्या माणसाच्या डोक्यावर पाखरासारखा बसत होता. ओरडून विकणारी ती हॉकर, म्हणजे दुर्गाबाई. माल अंगावर घेऊन दारोदार फिरणारा तो पेडलर, सलीम. दुसऱ्याचा माल आणून दुकानात बसून विकतो तो डीलर, शिवाजी. मग आम्ही लिंबाखाली आलो. सिराजचाचांच्या डोक्यावर काहीच नव्हतं, नुसती पांढरी फुलं. “यांचा शब्द?” मी विचारलं. अण्णांनी बोट सोडवून घेतलं आणि गर्दीत चालू लागले.

उठले तेव्हा उशी ओली होती. पण स्वप्नातलं बाजार फिरणं खरंच घडलेलं होतं, आणि ते शब्द अण्णांनी एका लांबट वहीत लिहिले होते. लहानपणी मला त्या वहीचा कंटाळा यायचा. पुढे मी जालन्याच्या ग्रंथालयात नोकरी करताना हजारो पुस्तकांवर नंबर घातले, पण ती वही कधी उघडली नाही.

ती खिडकीतच होती. विकण्याच्या शब्दांना त्यांनी चार पानं दिली होती. सेल आणि व्हेंड. ‘फॉर सेल’ म्हणजे विकायला काढलं आहे. ‘ऑन सेल’ म्हणजे दुकानात मिळतं आहे, कदाचित स्वस्तात. रिटेल म्हणजे थोडं थोडं. आणि मग खाली, वेगळ्या शाईत:

‘सिराजच्या पाटीवर व्हेंडर लिहिलंय, सरकारनं लिहिलंय, ठीक. मी म्हणणार नाही. स्टॅम्प सरकारचा, याला कमिशन. स्वतःचं असतं ते जो देऊन टाकतो, आणि दिल्याचं कागदावर कबूल करतो, तो व्हेंडर. जमिनीच्या कागदात हा शब्द शोभतो.’

पुढच्या पानांवर अण्णा आपल्या हातून लिहिलेल्या प्रत्येक कागदाचा सारांश इंग्रजीत लिहून ठेवत, स्वतःला सराव म्हणून. पंच्याऐंशी सालचं पान काढलं. दुर्गाबाई, घेणारी. आणि तिच्या आधी: ‘द व्हेंडर, एक वृद्ध बाई, हिनं अंगठा दोनदा दिला, तरी पुसटच उठला.’

मी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. त्यात ‘द’ होता. मराठीत त्याला जागा नसते, म्हणून वाचून दाखवताना मी तो गाळला होता. ‘द व्हेंडर’: मंठ्यातला कुठलाही नाही, कचेरीसमोरचा नाही, या व्यवहारातला, या पाकिटातला. जागा विकणारी. मी त्या शब्दाचं मराठीही केलं नव्हतं. गावात तो ज्या माणसाला चिकटलेला होता त्याच माणसाला मी तो पुन्हा चिकटवून दिला होता. अण्णांनी बरोबर लिहिलं होतं. चाचा खरं बोलले होते. खोटी पडले ती मी.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. घेणारीचा एकुलता एक कागद कुणी विकणारीच्या हातात देतं का? आणि तेही जिला भूल पडलीय अशा बाईच्या?

६

रविवारी परतूरला गाडी बदलून आष्टीला गेले. झुंबरबाईची, म्हणजे गोजरबाईच्या मुलीची गल्ली स्टँडवर विचारली; घर विचारावं लागलं नाही. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी एक म्हातारी गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. कावळ्याला हाकलायला तिच्याजवळ काठी होती. तिनं ती माझ्यावर रोखली.

“कुणाची गं तू?”

“मंठ्याच्या भुजंगराव सरांची मुलगी.”

काठी खाली आली. “सरांचं नाक हाये तुला. सर कसे हायेत?”

मी सांगितलं. ती बराच वेळ गोधडीचा टाका बोटानं चाचपत राहिली. “मला कुणी कळविलं बी न्हाई,” ती म्हणाली. “शिवाजीनं सांगितलं आसंल म्हातारीला भूल पडली.”

“हो.”

“भूल न्हाई पडली. त्याला वळखायचं बंद केलंय म्या.”

आतून झुंबरबाई हसली. मी विचारलं, “आजी, अण्णा इथे आले होते?”

“आल्ते की. म्हणले, गोजरबाई, तुझा आंगठा पुसट झालाय, कचेरीत चालायचा न्हाई. नवा दे. मंग म्या नवा दिला, झुंबरीनं सही केली, शेजारच्या सर्जेरावानं केली. सरांला दम लागल्ता. निस्ते भितीला टेकून बसले. मंग म्याच म्हणलं, सर, हा कागद आता माघारी नेऊ नका. तुमचं काय खरं न्हाई, अन् तुमच्या माघारी शिवाजी पेटी फोडायला कमी करायचा न्हाई. हितं राहू द्या.”

“ते तयार झाले?”

“लई येळ इचार केला. म्हणले, घेणारीचा कागद इकणारीकडं कसा ठिवू? म्या म्हणलं, जबान माझी, आंगठा माझा, मंग राखण कुणी करायची? ज्यानं दिलंय त्यालाच ठावं आसतंय काय दिलं ते.” तिनं सुई केसांत खोचली. “मंग हसले. म्हणले, बराबर हाये. दुर्गीला बाजाराच्या दिवशी सांगतो. अन् उषाला चिठ्ठीत लिहून ठिवतो, तिला लगेच कळंल.”

लगेच.

मी अंगणाकडे तोंड वळवलं. उन्हात कुरडया पारदर्शक दिसत होत्या.

“रडू नको गं,” गोजरबाई म्हणाली, “कात्री आण आतून.”

गोधडीचा एक कोपरा तिनं उसवला. जुन्या धोतराच्या दोन पदरांमध्ये मेणकापडात गुंडाळलेला बॉण्ड होता. खाली नवा अंगठा, काळा, ठसठशीत, एकेक रेघ मोजता यावी असा.

“उद्याच्याला म्या बी येते,” ती म्हणाली. “त्याला तोंडावर इचारते, बसायला दिली का इकली.”

७

सोमवारी तिनं विचारलं. कचेरीत साहेबांच्या टेबलासमोर काठी टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, “शिवा, बसायला दिलेली वस्तू माघारी मागता येती. म्या इकली हाये. पैसे घेतले, त्याच पैशात तुझं दुकान उभं राह्यलं. ते काढून देतो का?” शिवाजीचा अर्ज दहा मिनिटांत फेटाळला गेला. दुर्गाबाईनं कागद कपाळाला लावला आणि मग तिला चाचांविरुद्धचा अंगठा आठवला असावा, कारण ती माझा दंड धरून म्हणाली, “ताई, आता मी त्यांला काय तोंड दाखवू?”

“आधी मला दाखवायचं आहे,” मी म्हणाले.

मी बाजारातल्या सगळ्या सह्या करणाऱ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, आणि काय चूक होती ते. त्यांना ‘द’ समजला की नाही, माहीत नाही. पण सरांची मुलगी चुकली हे समजलं, आणि तेवढं पुरे होतं. साहेब म्हणाले, तक्रार निकाली काढायला तोंडी चालणार नाही. चिठ्ठी जिनं वाचली तिचं प्रतिज्ञापत्र लागेल, बॉण्डावर.

मी बाहेर आले. लिंबाखाली चाचा बसले होते. सगळं त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं, तरी ते उठले नाहीत. मी टेबलासमोर उभी राहिले.

“एक बॉण्ड हवा होता, चाचा.”

त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. बॉण्ड काढला, उलटा केला, दौतीत टाक बुडवला. चार दिवसांनी मंठ्यात विकला जाणारा पहिला बॉण्ड. रस्त्यापलीकडची माणसं बघत होती.

“नाव?”

ज्यांनी मला खांद्यावर बसवून उरूस दाखवला त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं.

“कशासाठी?”

“मी तुमच्यावर खोटा आळ आणला, ते लिहून द्यायला.”

टाक थांबला. मग त्यांनी लिहिलं, ‘प्रतिज्ञापत्र’. बाकी काही लिहिलं नाही. “कारण एवढंच लिहितात, बेटी.”

मी पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले, एक पैसाही सोडला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. मग बॉण्ड माझ्याकडे सरकवला, पण सोडला नाही. मी वाकून बघितलं. ‘उषा’ लिहिलं होतं. मग ‘वडील’. मग एका शब्दाएवढी कोरी जागा. मग ‘भुजंगराव’.

“इथं राहिलंय काहीतरी,” मी म्हणाले.

“हां. कायद्यानं ‘मयत’ लिहावं लागतं.” त्यांनी टाक माझ्यासमोर धरला. “सगळ्या तालुक्याच्या बापांच्या पुढं लिहिलाय मी हा शब्द. ह्याच्या पुढं माझ्यानं होत न्हाई. तू लिही.”

मी टाक घेतला. वाऱ्यानं एक फूल त्या कोऱ्या जागेवर येऊन पडलं. चाचांनी ते बाजूला केलं आणि कागदाचं टोक माझ्यासाठी धरून ठेवलं.

मी लिहिलं.